पहिला इंटरव्ह्यू, तोही कारखान्यात: डिप्लोमा-डिग्रीच्या मुलामुलींसाठी सविस्तर तयारी

निकाल लागले की पुण्याजवळच्या चाकण, रांजणगाव, तळेगाव, भोसरीच्या कंपन्यांच्या गेटवर नव्या मुलामुलींची गर्दी सुरू होते. हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, पायात नवे बूट, सोबत गावाकडचा एखादा मित्र. लातूर, बीड, जळगाव, बुलढाणा, सोलापूर, कुठून कुठून मुलं येतात. शिक्षण डिप्लोमा नाहीतर बीई; मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इलेक्ट्रिकल. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि ट्रेनी इंजिनीअरच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. टेबलाच्या आमच्या बाजूनं जे दिसतं ते या मुलांपर्यंत कधी पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की इंग्रजी फाडफाड बोल, टाय लाव, नजरेला नजर दे. ते सगळं घोकून येतात आणि ज्याची खरी विचारणा होणार असते त्याची तयारी राहून जाते.

कारखान्यात नवख्या उमेदवाराची छाप एकाच गोष्टीवर पडते. त्यानं स्वतःच्या हातानं काय केलंय आणि ते तो तपशिलासह, न फुगवता सांगू शकतो का? खाली जे लिहिलंय ते त्याच एका गोष्टीची तयारी कशी करायची यासाठी आहे.

बोलावणं आलं की आधी पदाचं नाव वाचा

फोनवर "सिलेक्शनसाठी या" एवढंच सांगतात आणि मुलं निघतात. आधी विचारा: पद कोणतं? अप्रेंटिस, कंपनीच्या रोलवरचा ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टरमार्फत घेतलेला माणूस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रेंटिस १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याखाली येतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं; शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पण मुदत संपल्यावर नोकरीची हमी नसते. रोलवरच्या ट्रेनीला कंपनीचं पत्र मिळतं. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर पत्र दुसऱ्याच संस्थेचं असेल. तिन्हींत कमीपणा काही नाही, अप्रेंटिसशिप करून पुढे पक्के झालेले कितीतरी जण आमच्याकडे आहेत. पण आपण कशासाठी आलोय हेच माहीत नसलेला उमेदवार पहिल्या दोन मिनिटांत उघडा पडतो.

विभागही विचारून घ्या. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर्स. प्रत्येकाचे प्रश्न वेगळे असतात.

कंपनी काय बनवते, ते कसं बनतं

"कंपनीबद्दल काय माहिती आहे?" या प्रश्नाला वेबसाइटवरचं स्थापनेचं वर्ष आणि संचालकांचं नाव सांगून काही साधत नाही. त्यापेक्षा कंपनी कोणता भाग बनवते आणि तो कोणत्या प्रक्रियेतून जातो एवढं समजून या. कास्टिंग, फोर्जिंग, मशीनिंग, प्रेस शॉप, प्लॅस्टिक मोल्डिंग यांपैकी इथे काय चालतं? तो भाग गाडीत कुठे बसतो?

समजा कंपनी ब्रेक डिस्क बनवते. संध्याकाळी तासभर वाचलंत तर एवढं सहज कळेल की डिस्क बहुतेक वेळा ग्रे कास्ट आयर्नची असते. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनं शोषली जातात. ओतकामानंतर टर्निंग आणि फिनिशिंग होतं, आणि शेवटी रनआउट तपासतात, कारण डिस्क फिरताना डगमगली तर ब्रेक दाबल्यावर पेडलला थरथर जाणवते. हे तुमच्या सिलॅबसच्या बाहेरचं नाही, फक्त या कंपनीशी जोडलेलं आहे. पॅनेलवरच्या माणसाचं सगळं आयुष्य त्या डिस्कवर गेलेलं असतं. समोरचा मुलगा ती समजून घेऊन आलाय हे पाहून त्याला आनंद होतो आणि तो मोकळेपणानं बोलायला लागतो.

तुमच्या कॉलेजचा कोणी सीनिअर तिथे कामाला असेल तर त्याला फोन करा. इंटरव्ह्यूत काय विचारतात एवढंच विचारून थांबू नका. दिवसभरात नव्या ट्रेनीला काय काम देतात तेही विचारा.

बायोडेटा: प्रत्येक शब्द म्हणजे एक प्रश्न

एक पान पुरे. वर नाव, चालू असलेला मोबाइल नंबर, साधा ईमेल. "करिअर ऑब्जेक्टिव्ह"चा परिच्छेद काढून टाका, सगळ्यांचा एकच असतो आणि तो कोणी वाचत नाही. मित्राच्या बायोडेटात नाव बदलून आणलेला कागद आम्हाला लगेच ओळखू येतो, कारण त्याच कॉलेजच्या चौघांच्या चुका एकाच ओळीत असतात.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात ऑटोकॅड, कॅटिया, सॉलिडवर्क्स, क्रिओ अशी रांग लावलेली असते. मग मी विचारते, "सॉलिडवर्क्समध्ये शेवटचं काय काढलंस?" आणि शांतता पसरते. ज्यात तुम्ही स्वतः किमान एक भाग पूर्ण काढलाय तेवढंच लिहा. ऑटोकॅडमध्ये फक्त टूडी येत असेल तर "टूडी ड्रॉइंग" असंच लिहा. हे लिहिल्यानं तुम्ही लहान होत नाही, पुढच्या सगळ्या उत्तरांवरचा विश्वास वाढतो.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. मुलं घरचं काम लपवतात. काकांच्या लेथच्या दुकानात सुट्टीत काम केलेलं, गावात मोटार रिवाइंडिंगला हात लावलेला, शेतातल्या ठिबकचा फिल्टर आणि पंप स्वतः सांभाळलेला, यातलं काही बायोडेटात नसतं, आणि असतं काय तर "हॉबी: क्रिकेट बघणे". मेंटेनन्सच्या मुलाखतीत "घरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार जळाली तेव्हा स्टार्टरचा ओव्हरलोड रिले चुकीच्या सेटिंगवर होता हे मी शोधलं" असं कोणी सांगितलं तर पॅनेलवरचे तिघेही पेन खाली ठेवून ऐकतात. ते बायोडेटात लिहा, दोन ओळीत.

प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग: इथेच निवड ठरते

वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, एवढं पक्कं करा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलेला असतो. खरं तर बऱ्याचदा एकानं केलेला असतो, कधी बाहेरून करून घेतलेला असतो. पॅनेलला हे माहीत आहे. म्हणून तुम्ही "आम्ही सोलर फवारणी पंप बनवला" म्हणालात की पुढचा प्रश्न येतोच: "त्यात तू काय केलंस?"

समजा प्रोजेक्ट तोच आहे. त्यावर साधारण असे प्रश्न येतात. टाकी किती लिटरची? बॅटरी कोणती? किती वेळ चालतो? फ्रेम कोणी वेल्ड केली? वजन किती भरलं? काय बिघडलं? पुन्हा करायला सांगितला तर काय बदलशील?

आता दोन उत्तरं बघा. पहिलं: "मॅडम, हा इको-फ्रेंडली प्रोजेक्ट आहे, शेतकऱ्याला फायदा होतो, खर्च वाचतो." दुसरं: "मॅडम, टाकी सोळा लिटरची, बॅटरी बारा व्होल्ट आठ अँपिअर-अवरची. पंप साधारण तीन अँपिअर घेत होता, म्हणून हिशेबानं दोन तास चाळीस मिनिटं चालायला हवा होता. प्रत्यक्षात दोन तासांच्या आतच प्रेशर पडायचं. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वापरता येत नाही हे आम्ही धरलंच नव्हतं. फ्रेम बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्ड करून घेतली. माझ्याकडे बॅटरीची जागा आणि वायरिंग होतं. आधी बॅटरी वर होती, पाठीवर घेतलं की माणूस मागे ओढला जायचा, म्हणून मी ती खाली कंबरेजवळ आणली."

दुसऱ्या मुलानं एकही मोठा शब्द वापरला नाही. फ्रेम आपण केली नाही हे त्यानं आपण होऊन सांगितलं, म्हणून बॅटरीचं काम त्यानंच केलं यावर आमचा लगेच विश्वास बसला. हिशेब आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला हे त्याच्या लक्षात आलं, कारणही त्यानं शोधलं. कारखान्यात रोजचं काम हेच असतं.

तयारी अशी करा. वहीचं एक पान घ्या. वर प्रोजेक्टचं किंवा ट्रेनिंगचं नाव लिहा. खाली पाच गोष्टी लिहा: सगळे आकडे (मापं, वजन, व्होल्ट, खर्च), माझ्या वाट्याचं काम, जे बिघडलं, ते कसं सोडवलं किंवा का सुटलं नाही, आणि आता काय बदलेन. एखादा आकडा आठवत नसेल तर ग्रुपमधल्या मित्राला आजच विचारा. प्रोजेक्ट बाहेरून करून घेतला असेल तर त्याचं सोंग आणू नका. तो उघडून, समजून घेऊन जा आणि विचारलं तर खरं सांगा. मग ट्रेनिंगमधलं किंवा घरचं एखादं स्वतः केलेलं काम पुढे करा.

ट्रेनिंगचंही तसंच. "सहा आठवडे ट्रेनिंग केलं, खूप शिकायला मिळालं" यातून काही कळत नाही. कुठल्या मशीनवर उभे होतात, तासाला किती जॉब (मशीनवर तयार होणारे भाग) निघायचे, रिजेक्शन कशामुळे यायचं, तुमच्या हातात कोणता कागद असायचा, हे सांगा.

"स्वतःबद्दल सांगा"

दीड मिनिटाच्या वर जाऊ नका. वडील काय करतात, भावंडं किती, हे विचारल्यावर सांगायचं. साधं उदाहरण देते:

"मॅडम, मी अंबाजोगाईजवळच्या गावचा. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, शेवटच्या वर्षी बहात्तर टक्के आहेत. सहा आठवडे एका मशीन शॉपमध्ये ट्रेनिंग केलं. तिथे सीएनसी टर्निंगवर जॉब लोड-अनलोड करणं आणि दर तासाला पाच जॉब मोजून शीटवर नोंद करणं माझ्याकडे होतं. मोजण्याचं काम मला आवडलं, म्हणून क्वालिटी ट्रेनीसाठी अर्ज केलाय."

यात चार जागा अशा आहेत जिथून पॅनेल पुढचा प्रश्न विचारेल, आणि चारही तुमच्या ओळखीच्या आहेत. हे पाठ करू नका. दोन-तीन वेळा मोठ्यानं बोलून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बोलताना आपण कुठे अडखळतो ते ऐकल्यावरच कळतं.

मूळ विषय: थोडं, पण पक्कं

सगळी पुस्तकं उघडून बसू नका. मेकॅनिकलसाठी मापनाची उपकरणं, ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि फिट (दोन भाग एकमेकांत किती घट्ट-सैल बसतात), नेहमीची मशीनिंग प्रक्रिया, स्टीलचे साधे प्रकार आणि हीट ट्रीटमेंट कशासाठी, एवढ्यात बहुतेक प्रश्न बसतात. क्वालिटीसाठी सात क्यूसी टूल्स (दोषांची कारणं शोधायच्या सात साध्या पद्धती), त्यातही पॅरेटो आणि फिशबोन उदाहरणासह. फाइव्ह एसची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीची, पाच जपानी नावं सगळे धडाधड म्हणतात. मी विचारते, "तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत पहिला एस, म्हणजे नको असलेलं वेगळं काढणं, कसा लावशील?" तिथे विचार करणारा आणि पाठ करणारा वेगळे होतात. वाहन उद्योगात जायचं असेल तर आयएटीएफ १६९४९ हे वाहन क्षेत्राचं गुणवत्ता मानक आहे आणि ते आयएसओ ९००१ वर उभं आहे एवढं माहीत असू द्या. प्रॉडक्शनसाठी ओईई (मशीनचा एकूण किती उपयोग झाला याचा आकडा) येऊ द्या: उपलब्धता, कामगिरी आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के असेल तर साधारण ८४.६ टक्के. तिन्ही आकडे चांगले दिसत असूनही उत्तर एवढं खाली का येतं, हे समजावून सांगता आलं पाहिजे.

आमच्या टेबलावर एक व्हर्निअर आणि एक टर्न केलेली पिन ठेवलेली असते. उमेदवाराला म्हणतो, "व्यास मोज." बहुतेक जण व्हर्निअर उचलतात, जॉबला लावतात आणि घाईघाईनं आकडा सांगतात. थोडे जण आधी जबडे पुसतात, बंद करून शून्य जुळतंय का बघतात, मग जॉब पुसतात, एकदा माप घेतात, जॉब नव्वद अंशात फिरवून पुन्हा घेतात. तोंडातून अजून एक शब्द निघालेला नसतो, पण त्यांची छाप पडलेली असते.

मग वाचन. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर, व्हर्निअरची सतरावी रेघ जुळते. पन्नास भागांची व्हर्निअर, लघुत्तम माप ०.०२, म्हणून २४ अधिक १७ गुणिले ०.०२, म्हणजे २४.३४. ड्रॉइंगवर २४.३०, अधिक-उणे ०.०५. जॉब ओके की रिजेक्ट? "ओके" हे बरोबर उत्तर आहे. त्याहून चांगलं उत्तर एका मुलीनं दिलं होतं: "ओके आहे, पण वरच्या मर्यादेला आलाय. टूल झिजत असेल. पुढचे जॉब मोजून बघायला हवेत. आणि टॉलरन्स एवढा कमी असेल तर व्हर्निअरपेक्षा मायक्रोमीटर घ्यायला हवा." तिचं इंग्रजी अडखळत होतं, मार्क मध्यम होते. निवड कोणाची होणार यावर आमच्यात चर्चाच झाली नाही.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये व्हर्निअर आणि मायक्रोमीटर असतातच. निकाल लागला तरी सरांना विनंती करून एक दुपार तिथे घालवा. पेनाचं टोपण, बोल्ट, बेअरिंग, जे मिळेल ते मोजा.

इंग्रजीची धास्ती

पॅनेलवर एखादे साहेब परप्रांतातले असू शकतात, म्हणून सुरुवात इंग्रजीत किंवा हिंदीत होते. ओळख इंग्रजीत देता येईल एवढी तयारी हवी. सोपी, छोटी वाक्यं चालतात. तांत्रिक उत्तर अडायला लागलं तर सरळ विचारा, "सर, हे मराठीत सांगू का?" किंवा हिंदीत. अजून कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. लाइनवरच्या ऑपरेटरशी तुम्हाला मराठी-हिंदीतच बोलायचंय. चुकीच्या इंग्रजीत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा मराठीत पूर्ण उत्तर दिलेलं केव्हाही बरं. मात्र ईमेल आणि रिपोर्ट इंग्रजीत असतात. त्याबद्दल विचारलं तर "लिहिताना जमतं, बोलण्याचा सराव करतोय" हे खरं असेल तरच सांगा, कारण पुढ्यात कागद येऊ शकतो.

जायचा दिवस

चाकणमध्ये एकाच कंपनीचे दोन-तीन प्लांट असतात. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, आंबेठाण रस्ता, सगळं "चाकण एमआयडीसी"च. प्लांटचा पत्ता आणि गेट नंबर आदल्या दिवशी एचआरकडून मेसेजवर मागून घ्या. नाशिक हायवेवर तळेगाव चौकातली कोंडी एकदा लागली की काही खरं नसतं. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला तर नाहीच. दहाची वेळ असेल तर साडेनऊला गेटवर असाल असं निघा. तरीही उशीर होतोय असं दिसलं तर वेळ टळण्याआधी फोन करा. नंतर केलेल्या फोनला किंमत राहत नाही.

कपडे साधे, इस्त्रीचे. टाय-कोटाची कारखान्यात गरज नाही. फिकट शर्ट, गडद पँट, बंद बूट. बूट महत्त्वाचे, कारण कधीकधी मुलाखतीनंतर शॉप फ्लोअर दाखवायला नेतात आणि चप्पल-सँडलवर आत सोडत नाहीत. मुलींनी सलवार-कुर्ता घातला तरी चालतो. ओढणी नीट पिन केलेली आणि केस बांधलेले असू द्या. फिरत्या मशीनजवळ सुटी ओढणी, मोकळे केस आणि हातातलं कडं या तिन्हींकडे आमचं लक्ष आपोआप जातं.

फोल्डरमध्ये बायोडेटाच्या तीन प्रती, मार्कलिस्टच्या क्रमानं लावलेल्या झेरॉक्स, आधार, फोटो, पेन आणि वहीचं ते पान. मूळ कागदपत्रं दाखवायला न्या, पण कोणाकडे ठेवून येऊ नका. "जॉइनिंगपर्यंत ओरिजिनल जमा करा" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांशी, रिसेप्शनवर, चहा आणून देणाऱ्या माणसाशी तुम्ही कसे बोलता हे आतपर्यंत पोचतं. मुद्दाम गोड वागायची गरज नाही. नाव-नोंद नीट करा, पास गळ्यात घाला, मोबाइल जमा करायला सांगितला तर कुरकुर करू नका. बाकीच्या उमेदवारांसोबत बसल्यावर आत काय विचारतात याची चर्चा होते, ती ऐकून घाबरू नका. प्रत्येकाला वेगळं विचारतात.

आत गेल्यावर

नमस्कार करा, बसायला सांगितलं की बसा. पाठ टेकून, हात मांडीवर. प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबा. नवी मुलं प्रश्न अर्धा ऐकूनच उत्तर सुरू करतात आणि भलतंच बोलत सुटतात. कळला नाही तर पुन्हा विचारा. कागद-पेन मागून आकृती काढून सांगितलंत तर फार चांगलं. इंजिनीअरला चित्रातून बोललेलं आवडतं.

उत्तर येत नसेल तर "नाही माहीत" म्हणा. त्याला जोडून जेवढं माहीत आहे तेवढं सांगा: "हार्डनेस कशानं मोजतात ते माहीत आहे, रॉकवेल वापरतात. पण या स्टीलला किती हवा तो आकडा नाही माहीत." ठोकून दिलेला आकडा कारखान्यात धोक्याचा असतो. उद्या हाच मुलगा इन्स्पेक्शन शीटवर न मोजता आकडे भरेल, अशी शंका येते, आणि ती एकदा आली की जात नाही.

साध्या प्रश्नांमागची काळजी

काही प्रश्न खासगी वाटतात. त्यामागे पॅनेलची एक काळजी असते, ती ओळखली की उत्तर सोपं जातं.

"गाव कुठलं? इथे राहणार कुठे?" म्हणजे, तू पहिल्या शिफ्टला रोज पोचशील का? "मित्रांबरोबर भोसरीला खोली बघितली आहे, कंपनीची बस तिथून जाते" हे उत्तर पक्कं आहे.

"शेती किती? घरी कोण बघतं?" म्हणजे, सुगीत आठ-आठ दिवस गायब होशील का? "वडील आणि भाऊ बघतात, माझी गरज सणावाराला" एवढं पुरतं.

"एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करतोस का?" हा हमखास येतो. करत असाल तर खोटं बोलू नका. परीक्षेच्या रजेच्या वेळी सगळं कळतंच. "प्रयत्न केला होता, आता वर्ष-दोन वर्षं पूर्ण इथे काम करायचं ठरवलंय" हे खरं असेल तर खुशाल सांगा. खरं नसेल तर ही नोकरी तुम्हाला कशासाठी हवी आहे, याचा विचार घरीच करून या.

"वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) का झाला? गॅप का?" दोन वाक्यांत कारण, एका वाक्यात नंतर काय केलं. "सेकंड इयरला मॅथ्स आणि स्ट्रेंथ राहिले, वायडी झाला. त्या वर्षात गावातल्या वर्कशॉपला काम केलं आणि दोन्ही विषय काढले." कॉलेजला, सरांना, पेपर तपासणाऱ्याला दोष देऊ नका. घरी आजारपण असेल तर तसं सांगा, डोळ्यात पाणी आलं तरी काही बिघडत नाही.

"नाइट शिफ्ट जमेल?" जमत असेल तर हो. मुलींनी बस घरापर्यंत सोडते का, रात्री सोबत कोण असतं, हे निःसंकोच विचारावं. हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या कंपनीकडे त्याचं उत्तर तयार असतं.

पगाराची गोष्ट

"अपेक्षा किती?" विचारलं की "तुम्ही द्याल ते" म्हणू नका. सीनिअरकडून त्या भागातला, त्या पदाचा चालू आकडा आधी काढा आणि पट्टा सांगा. आणि सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हातात येणारे पैसे नव्हेत, हे ध्यानात ठेवा. उदाहरणादाखल तीन लाख सीटीसी, म्हणजे महिना पंचवीस हजार. मूळ पगार त्याच्या निम्मा, १२,५०० धरू. कंपनीचा १२ टक्के पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ६०० यातच धरलेले असतात. उरले साधारण २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० (महिलांना पंचवीस हजारांपर्यंत तो माफ आहे). हातात सुमारे २१,२००. कॅन्टीन आणि बसची कपात असेल तर त्याहून कमी. व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) किंवा वार्षिक बोनस सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. हा हिशेब करून "हातात किती येतील?" असं शांतपणे विचारणारा मुलगा कोणालाही लोभी वाटत नाही.

शेवटी तुम्हाला विचारतील: काही प्रश्न?

एक-दोन विचारा, खरोखर जाणून घ्यायचं असेल तेच. पहिल्या तीन महिन्यांत काम काय असेल? ट्रेनिंगचा काळ किती आणि पक्कं करताना काय बघता? बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, असेल तर किती काळाचा? सुट्ट्यांबद्दलचे प्रश्न ऑफर आल्यावर एचआरला विचारा.

बाहेर पडल्यावर

गेटबाहेर चहा घेताना लगेच, विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. अडलेल्यांवर खूण करा आणि त्याच रात्री उत्तर शोधा. शेजारच्या कंपनीत तोच प्रश्न येतो, चाकणमध्ये विषय फार वेगळे नसतात. एचआरला दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल पुरतो. सांगितलेली मुदत उलटल्यावर एकदा फोन करा; रोज करू नका.

निवड झाली तर तोंडी शब्दावर जुनं काम सोडू नका, पत्र हातात येऊ द्या. पत्रात पद, सीटीसीची फोड, प्रोबेशन, नोटीसची मुदत आणि बाँड एवढं वाचा. न कळलेलं वाक्य एखाद्या कामावर असलेल्या माणसाकडून समजून घ्या. आणि निवडीसाठी, युनिफॉर्मसाठी, "रिफंडेबल डिपॉझिट" म्हणून कोणी ऑनलाइन पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या नावाची बनावट पत्रं सर्रास फिरतात. पत्र आलं की कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खातरजमा करा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त असते.